घोडा मान कां झटकतो?

भाकरी कां करपली, विड्याचें पान कां सडलें आणि घोडा कां अडला, ह्या तीन प्रश्नांना एकच उत्तर द्या, असें एक कोडें आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलें असेल. ‘न फिरविल्यामुळें’ हें त्याचें उत्तर. ह्या कोड्याकडे आपण केवळ करमणूक म्हणून पाहतों. परंतु त्यांत एक न्यायनिवाडाहि होऊन गेलेला आहे. घोडा अडला ह्याचा दोष तें कोडें घोड्याच्या माथीं मारीत नाहीं. ज्यानें त्याला फिरविलें नाहीं, त्याच्या पदरीं घालतें.

आजच्या भाषणांत मला ह्या कोड्याला एक चौथा प्रश्न जोडावयाचा आहे. घोडा मान कां झटकतो? माथेरानला किंवा महाबळेश्वरला हवापालटासाठीं गेलेल्या मंडळींनीं हें दृश्य अवश्य पाहिलें असेल. घोडा नीट चालत असतां एकाएकीं मान वर-खालीं उडवूं लागतो, नाक पुढच्या पायावर घांसतो, उभा राहिला कीं मानेची कड झाडाच्या बुंध्यावर रगडतो. वर बसलेला मनुष्य बावरतो, लगाम खेंचतो, आणि खालीं उतरल्यावर निकाल देऊन टाकतो कीं, घोडा ऐबी आहे. हा निकाल बरोबर आहे काय? हा ऐब आहे कीं व्याधि? हा प्रश्न फार जुना आहे. त्याचें उत्तर शोधतांना माणसानें ज्या चुका केल्या आणि ज्या कष्टानें त्या सुधारल्या, त्यांचा इतिहास आपण थोडक्यांत पाहूं.

आरंभ ग्रीस देशापासून करूं. झेनोफन हा सॉक्रेटिसाच्या शिष्यमंडळींपैकीं एक, आणि स्वतः लढायांत वावरलेला स्वार. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत त्यानें अश्वारोहणावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. तो आजहि जाणकार लोक आदरानें वाचतात. घोड्याची निगा सांगतांना झेनोफन म्हणतो कीं, कपाळावरचीं झुलपें धुवून स्वच्छ ठेवावीं, पण कापूं नयेत. कारण डोळ्यांना त्रास देणाऱ्या वस्तु त्यांच्या योगानें घोडा दूर सारतो. गाढवाला आणि खेंचराला देवांनीं लांब कान दिले, घोड्याला त्यांच्या ऐवजीं हे केस दिले, असा त्याचा तर्क आहे. शेपटीचे केसहि होतील तितके लांब वाढूं द्यावे, म्हणजे अंगाला पीडा देणारें जें कांहीं असेल तें घोड्याला हांकलतां येईल. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींहि वागूं नये, असेंहि त्यानें बजावून ठेवलें आहे. ह्या साध्या सूचनांमागें एक मोठी समजूत आहे. घोड्याची झुलपें, आयाळ आणि शेपूट हे त्याचे नुसते अलंकार नव्हत. तीं त्याचीं आयुधें होत. जो प्राणी मान झटकतो, तो कोणत्या तरी शत्रूशीं झगडत आहे, हें ह्या ग्रीक स्वारानें ओळखलें होतें.

आपल्याकडे अश्वविद्येचा उगम शालिहोत्र ऋषीपाशीं मानतात. पांडवांपैकीं नकुल हा ह्या विद्येंत निष्णात. अज्ञातवासांत तो विराटाच्या पदरीं ग्रंथिक ह्या नांवानें घोड्यांची व्यवस्था पाहत होता, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. नकुलाच्या नांवावर अश्वचिकित्सेचा एक ग्रंथ चालत आला आहे, आणि जयदत्ताचें अश्ववैद्यक हा दुसरा प्रसिद्ध ग्रंथ होय. घोड्याच्या वैद्याला आपण सालोत्री म्हणतों, तो शब्द शालिहोत्रावरूनच आलेला आहे. इंग्रजी अमदानींत देशी रिसाल्यांतील अश्ववैद्यांनाहि हेंच नांव होतें. एका ऋषीचें नांव अशा रीतीनें लष्कराच्या हजेरीपटापर्यंत टिकून राहिलें.

परंतु ह्याच परंपरेंत दुसराहि एक प्रवाह वाहत होता. घोड्याच्या अंगावरील केसांचे भोवरे पाहून तो शुभ कीं अशुभ, धन्याला लाभेल कीं बुडवील, हें ठरविण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र होती. म्हणजे एकाच कातड्याकडे दोन माणसें दोन दृष्टींनीं पाहत असत. सालोत्री तेथें रोगाचीं चिन्हें शोधी, तर लक्षणें पाहणारा तेथें नशिबाचीं चिन्हें शोधी. पहिल्याचा प्रश्न, ह्या जनावराला काय होत आहे, असा असे; दुसऱ्याचा प्रश्न, ह्या जनावरापासून मला काय होईल, असा असे. ह्या दोन प्रश्नांतील अंतर ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व इतिहास समजण्यास सोपा जातो.

घोड्याचा ऐब आणि घोड्याची व्यथा ह्यांचा घोटाळा किती विकोपास जाऊं शकतो, ह्याचें उदाहरण एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत मिळतें. लंडनच्या रस्त्यांवर श्रीमंतांच्या गाड्यांचे घोडे मान उंच ताणून चालत. ती ऐट स्वाभाविक नव्हती. तोंडांतील कडियाळ्यापासून पाठीवरील साजापर्यंत एक आंखूड जादा लगाम अडकवीत. त्यामुळें घोड्याला मान खालीं घेतां येत नसे. चढावर ओझें ओढावयाचें तर घोड्याला मान पुढें आणि खालीं घालावी लागते. तीच वाट बंद झाल्यावर तो बिचारा मान झटकी, तोंडाला फेंस आणी, पाय आपटी. पाहणारे म्हणत, काय तेजस्वी जनावर आहे! त्याच सुमारास शेपूट छाटण्याचीहि फॅशन होती. झेनोफनानें जी आयुधें वाढूं द्या म्हणून सांगितलें होतें, त्यांपैकीं एक छाटून टाकलें आणि माशा हांकलण्यासाठीं मान हलवावी तर ती बांधून टाकली, अशी ही दुहेरी कोंडी होती.

एडवर्ड फोर्डहॅम फ्लॉवर नांवाच्या एका सेवानिवृत्त मद्योत्पादकानें ह्या लगामाविरुद्ध मोहीम उघडली आणि १८७५ सालीं एक लहान पुस्तक प्रसिद्ध केलें. घोड्याचें हें डोकें उडविणें तेजाचें लक्षण नसून वेदनेचें आहे, असें त्याचें म्हणणें होतें. दोनच वर्षांनीं, १८७७ सालीं, अ‍ॅना स्युएल ह्या बाईंची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी निघाली. लहानपणीं पायाला दुखापत झाल्यामुळें ह्या बाईंना चालणें कठीण जाई. घोड्याच्या गाडीवांचून त्यांचें पान हालत नसे. ज्याच्या पायांवर आपण आयुष्य काढलें त्याच्या तोंडून त्याची कर्मकथा त्यांनीं सांगविली. पुस्तक निघाल्यावर कांहीं महिन्यांनीं, १८७८ सालीं, त्या वारल्या. परंतु घोड्याला मान खालीं घेऊं द्या, ही त्यांची विनंती घरोघरीं पोंचली. तो लगाम हळूहळू मागें पडला. शेपूट छाटण्याला मात्र इंग्लंडांत कायद्यानें बंदी होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें.

आतां आपण हिंदुस्थानांत परत येऊं. कारण ह्या इतिहासांतील सर्वांत उद्बोधक प्रकरण आपल्याच देशांत घडलें, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईंत सांपडतो.

पावसाळा हा आपल्याकडे घोड्याच्या कसोटीचा काळ. मराठ्यांच्या फौजा ह्या काळांत छावणीला राहत आणि दसऱ्याला शिलंगण करून बाहेर पडत. शिवाजी महाराजांनीं चिपळुणाकडील आपल्या लष्करी अंमलदारांस लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आतांच उधळून टाकाल तर पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असा त्याचा आशय आहे. पण पावसाळ्यांत उपासमारीखेरीज दुसरेंहि एक संकट घोड्यांवर येई. त्याचें नांवच उत्तरेंत ‘बरसाती’ असें पडलें होतें, आणि तें नांव इंग्रज पशुवैद्यांनींहि जसेंच्या तसें उचललें.

बरसाती म्हणजे कातडीवरील एक चिवट व्रण. उष्मा वाढला आणि पाऊस लागला कीं तो डोळ्याच्या कोपऱ्यांत, ओठांच्या कडेला किंवा पायांवर उमटे. मांस लाल होऊन वाढे, त्यांत पिवळट कठीण कण सांपडत. त्यांना लष्करी पशुवैद्य आपलाच शब्द घेऊन ‘कंकर’ म्हणत. खाज तर अशी भयंकर सुटे कीं, घोडा तो भाग खांबावर घांशी, मान झटकझटकून थके आणि कित्येकदां स्वतःचें मांस स्वतःच्या दांतांनीं तोडी. थंडी पडली कीं कांहीं घोड्यांचे व्रण सुकत आणि पुढच्या वर्षीं पुन्हां फुटत. कांहींचे मात्र वाढतच जात, आणि शेवटीं घोड्याला गोळी घालावी लागे. हा रोग कशानें होतो ह्याविषयीं वाद माजला होता. कोणी त्याला कर्करोगाचा प्रकार मानलें. फ्रेडरिक स्मिथ ह्या लष्करी पशुवैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं कंकर तपासले, तेव्हां त्यांत त्याला बुरशीसारखे तंतु दिसले, आणि १८८४ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें. हाच स्मिथ पुढें ब्रिटिश सैन्याच्या पशुवैद्यक खात्याचा प्रमुख झाला.

ह्या वादाशीं कांहींएक संबंध नसलेली एक गोष्ट त्यापूर्वींच मुंबईंत घडून गेली होती. हेन्री जॉन कार्टर हे कंपनीच्या नोकरींतील एक शल्यवैद्य. समुद्रांतील स्पंजांपासून नारूच्या कृमीपर्यंत नाना जीवांचा त्यांना अभ्यास. मुंबईंतील साध्या घरमाश्या चिरून पाहतांना त्यांना माशीच्या डोक्यांत, विशेषतः सोंडेजवळ, बारीक कृमि वळवळतांना आढळले. १८६१ सालीं त्यांनीं त्यांचें वर्णन छापलें. हे कृमि माशीच्या सोंडेंत कोठून आले आणि तेथून कोठें जावयाचे, हें कोडें मात्र सुटलें नाहीं. ज्या शहरांत ते माश्यांचीं डोकीं तपाशीत होते, त्याच शहरांत तबेल्यांतील घोडे माश्यांनीं हैराण होऊन मान झटकीत उभे होते. पण त्या दोन गोष्टींचा सांधा जुळण्यास पन्नास वर्षें लागावयाचीं होतीं.

तो सांधा अमेरिकेंत रॅन्सम ह्या शास्त्रज्ञानें १९११ ते १९१३ ह्या काळांत जुळविला. कार्टरनें पाहिलेला कृमि म्हणजे घोड्याच्या जठरांत राहणाऱ्या एका जंताची बाल्यावस्था, असें त्यानें दाखविलें. हें चक्र मोठें चमत्कारिक आहे. जंताचीं पिलें घोड्याच्या लिदींतून बाहेर पडतात. लिदींत माशीच्या अळ्या वाढत असतात. त्यांच्या पोटांत हीं पिलें जातात. अळीची माशी झाली कीं तीं तिच्या सोंडेंत येऊन बसतात. माशी घोड्याच्या ओठांवर बसली म्हणजे तीं तेथें उतरतात, गिळलीं जातात आणि जठरांत जाऊन मोठीं होतात. परंतु माशी ओठाऐवजीं एखाद्या जखमेवर किंवा डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यांत बसली, तर हे पाहुणे चुकीच्या घरीं उतरतात. तेथें त्यांची वाढ होत नाहीं. नुसती आग आणि खाज सुटते, आणि व्रण चिघळतो. १९१५-१६ च्या सुमारास ब्राझील, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनीं अशा व्रणांत हे कृमि ओळखले. बरसातीचें रहस्य उलगडलें, असें वाटूं लागलें.

मग स्मिथला दिसलेले तंतु खोटे होते काय? तेहि खोटे नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभीं डच ईस्ट इंडीजमधील पशुवैद्यांनीं असेच तंतु असलेले व्रण वर्णिले. १९८७ सालीं त्या जीवाला ‘पिथियम इन्सिडिओसम’ हें शास्त्रीय नांव मिळालें. हा जीव दिसण्यांत बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नव्हे. तो सांचलेल्या पाण्यांत राहतो आणि त्यांत उभ्या असलेल्या जनावराच्या कातडींत शिरतो. म्हणजे बरसाती ह्या एका नांवाखालीं दोन निराळे रोग नांदत होते. एक माशीनें आणलेला, दुसरा पाण्यांतून आलेला. दोन्ही पावसांत उद्भवत, दोन्हींत तीच खाज. वाद करणारे दोन्ही पक्ष आपापल्या जागीं खरे होते. चूक होती ती नांवाची. ऋतूवरून रोगाला नांव दिलें आणि नांव एक म्हणून रोगहि एकच असला पाहिजे, असें गृहीत धरलें. असा घोटाळा वैद्यकांतच होतो असें नाहीं. आपल्या नित्याच्या व्यवहारांतहि तो पदोपदीं होत असतो.

ह्या शोधांचा व्यवहारांतील उपयोग फार मोठा झाला. लीद रोजच्या रोज उचलून दूर टाकणें, जखम झांकून ठेवणें, घोड्याला डबक्यांत उभें न करणें, हे उपाय साधे खरे. पण आतां त्यांच्यामागें कारण उभें राहिलें. १९८१ सालीं आयव्हरमेक्टिन हें औषध जनावरांसाठीं बाजारांत आलें आणि कृमींमुळें होणारे हे व्रण आटोक्यांत आणणें पुष्कळ सोपें झालें. पाण्यांतून येणारा व्रण मात्र आजहि अवघड आहे. तो लवकर ओळखून कापून काढला तरच आशा असते.

तथापि अंगावर व्रण नाहीं, कृमि नाहीं, आणि तरीहि घोडा आयाळ व शेपटीचें मूळ रक्त येईपर्यंत घांसतो, असेंहि पुष्कळदां दिसतें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत हा विकार इतका होता कीं, त्याला त्या प्रांताचेंच नांव पडलें. तेथील रीक ह्या संशोधकानें १९५३-५४ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, हें कृत्य डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका चिलटाचें आहे. चिलट चावतें सर्वांनाच; पण कांहीं घोड्यांच्या रक्ताला त्याच्या लाळेचें वावडें असतें, आणि त्यांच्याच अंगाची आग होते. आइसलँडांतील घोडे ह्याची साक्ष देतात. त्या बेटावर हीं चिलटें पूर्वीं नव्हतीं, आणि तेथें बाहेरून घोडा आणण्यास शतकानुशतकें बंदी आहे. तेथें वाढलेले घोडे युरोपांत नेले म्हणजे त्यांपैकीं पुष्कळांना ही खाज सुटते. त्यांचींच पिलें युरोपांत जन्मलीं तर तीं बरींच बचावतात. लहानपणीं ज्याचा परिचय झाला नाहीं, तें पुढें सोसवत नाहीं, असा हा निसर्गाचा हिशेब दिसतो. चिलटांचा जोर विशेषतः सकाळीं आणि सांजवेळीं. म्हणून त्या वेळीं घोडा तबेल्यांत घ्यावा किंवा त्याच्या अंगावर पातळ झूल घालावी, हा आजहि पहिला उपाय होय.

आतां राहिला तो घोडा, ज्याची कातडी निर्मळ आहे, माशी जवळ नाहीं, आणि तरी स्वार वर बसून दौड सुरू झाली कीं तो नाकांत जणूं मधमाशी शिरल्याप्रमाणें मान झटकतो. अशा घोड्याला पूर्वीं सर्रास ऐबी ठरवीत आणि लगाम अधिक जाचक करीत. १९८७ सालीं इंग्लंडांतील लेन आणि मेअर ह्या दोन पशुवैद्यांनीं असे शंभर घोडे बारकाईनें तपासले. कोणाच्या कानांत गोचिडीसारखे सूक्ष्म जीव, कोणाच्या दाढेच्या मुळाशीं विकार, कोणाचा डोळा बिघडलेला, कोणाच्या मानेला दुखापत, असें त्यांना आढळलें. पण कारण म्हणून कांहीं हातीं लागलें तें अवघ्या अकरा घोड्यांत, आणि तें दूर केल्यावर मान झटकणें थांबलें तें फक्त दोघांचें. इतक्या तपासणीनंतर इतकें थोडें हातीं आलें, हें त्यांनीं प्रांजलपणें छापलें. माझ्या मतें ह्या इतिहासांत ह्या कबुलीचें मोल फार आहे. घोडा ऐबी आहे, असें म्हणून मोकळें होणें त्यांना सहज शक्य होतें.

पुढचें पाऊल कॅलिफोर्नियांत पडलें. मॅडिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं सात घोड्यांची हकीकत दिली. उजेडांत हे घोडे मान झटकीत. डोळे झांकले किंवा अंधार झाला कीं त्यांचा त्रास कमी होई. लख्ख उन्हांत आल्यावर कित्येक माणसांना शिंका येतात, तसाच हा प्रकार असावा, असा तर्क निघाला. त्यानंतर त्याच विद्यापीठांत चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची परीक्षा झाली. अशा घोड्यांचा हा मज्जातंतु अगदीं अल्प उत्तेजनानेंहि पेटून उठतो, असें २०१३ च्या सुमारास दिसून आलें. वाऱ्याची झुळूक, ऊन, नाकपुडींतील श्वास, हेंच त्या जनावराला विजेच्या झटक्यासारखें लागत असलें पाहिजे. तंतूची रचना मात्र बिघडलेली दिसत नाहीं. म्हणून बाहेरून पाहणाराला कांहींच दिसत नाहीं. नाकावर बारीक जाळी बांधल्यानें कांहीं घोड्यांना आराम पडतो, कांहींना औषधानें पडतो. सर्वांना हमखास गुण देणारा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं.

श्रोतेहो, झेनोफनापासून येथवर आपण सुमारें चोवीस शतकांचा प्रवास केला. ह्या प्रवासांत एकच खूण पुनःपुन्हां दिसली आणि तिचे अर्थ मात्र किती निघाले! माशी, कृमि, पाण्यांतला जीव, चिलट, जाचक लगाम, किडलेली दाढ, आणि शेवटीं डोळ्याला न दिसणारी मज्जातंतूची वेदना. ‘ऐब’ हा शब्द प्रत्येक वेळीं हाताशीं होता, आणि ज्यांनीं ज्यांनीं तो वापरला त्यांचा शोध तेथेंच थांबला. ज्यांनीं तो बाजूस ठेवला, त्यांच्या हातीं कांहीं तरी लागलें.

पुढच्या वेळीं आपल्या मुलांना घोड्यावर बसविण्याचा प्रसंग आला आणि घोडा मान झटकूं लागला, तर त्याच्या मालकाला छडी मारण्यास सांगूं नका. आधीं खालीं उतरा. कडियाळें तोंडांत रुतत नाहीं ना, डोळ्याच्या कोपऱ्यांत ओला व्रण नाहीं ना, कानांत व आयाळींत कांहीं नाहीं ना, हें त्याला पाहावयास सांगा. आणि तरी घोडा थांबला नाहीं, तर त्या दिवसाची रपेट पायीं पुरी करा. मुलाचा थोडा हिरमोड होईल खरा. पण घरीं परततांना त्याला तें जुनें कोडें घाला, आणि घोडा कां अडला ह्याचें उत्तर देतांना आपले पूर्वज बोट कोणाकडे दाखवीत होते, तेंहि समजावून सांगा.